पान्ह्याचा आकडा

यंत्राचं नाव 'पान्हा' ठेवणाऱ्या माणसाने जन्मात कधी म्हैस पिळलेली नसणार, याबद्दल डॉ. सुनेत्रा मगदूमची खात्री होती. पिळली असती तर त्याला कळलं असतं, की पान्हा मागून येत नाही आणि कुणी टक लावून बसलं की हमखास आटतो. जयसिंगपूरच्या आसपासच्या गावांतल्या निम्म्या म्हशी जनावरांची डॉक्टर म्हणून तिच्या हाताखालून गेल्या होत्या. धारेला अनोळखी हात लागला की म्हैस दूध चोरते, मग मालकाने कपाळ बडवून घेतलं तरी चरवीत थेंब पडत नाही. गोठ्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली ही गोष्ट ज्यांना ठाऊक नव्हती, त्यांनी कायदा केला होता.

आणि त्या कायद्याचा पट्टा आता सुनेत्राच्या मनगटावर होता.

"एकतीस," समोर बसलेली बाई म्हणाली. ही शलाका गवंडी, दत्तक देखरेख खात्याची अधिकारी. दर तिमाहीला यायची, चप्पल दारात नीट काढायची, चहा अर्धाच प्यायची. "मागच्या खेपेला अडतीस होता. त्याच्या आधी पस्तीस. डॉक्टर, तिन्ही वेळा चाळीसच्या खाली. एक महिन्याची मुदत मी माझ्या अधिकारात देते. तेवढ्यात वर आला नाही, तर रेवतीला परत बोलवावं लागेल."

"परत म्हणजे?"

"संस्थेत. तिच्याच भल्यासाठी."

सुनेत्राने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात सात वर्षांची रेवती अभिनंदनच्या पाठीवर बसली होती आणि त्याचे कान धरून त्याला वळवत होती. "तो बाप आहे तिचा," सुनेत्रा म्हणाली. "त्याच्या खांद्यावर झोपते ती. त्याचा आकडा का नाही धरत?"

"वडिलांचं मापन पुढच्या टप्प्यात आहे. सध्या फक्त मातृबंध." गवंडीने आवाज मऊ केला. "राग मानू नका, विचारावं लागतं म्हणून विचारते. तुम्ही तिला जवळ घेता ना? म्हणजे, मनापासून?"

सुनेत्राच्या तोंडावर आलेलं उत्तर चांगल्या घरातल्या बाईने द्यावं असं नव्हतं. तिने ते गिळलं आणि म्हणाली, "चहा गार होतोय."

शास्त्र खोटं नव्हतं, हीच तर खरी पंचाईत होती. मूल जवळ आलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं एक द्रव्य रक्तात सुटतं. बाळंतपणात कळा आणणारं आणि सडात दूध उतरवणारं द्रव्य ते हेच. बाईत आणि म्हशीत निसर्गाने त्या बाबतीत भेदभाव केलेला नाही. पूर्वी ते मोजायला रक्त काढावं लागायचं. मग कुणा हुशार लोकांनी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ चकती बनवली, जी घामातले त्याचे अंश मिनिटाभरात पकडायची. दुसरी गोष्ट ठोक्यांची. एकमेकांजवळ निर्धास्त असलेल्या दोन माणसांच्या हृदयाची लय आणि श्वास नकळत एका चालीवर येतात. आईच्या मनगटावर एक पट्टा, मुलाच्या मनगटावर दुसरा. दोघांचा घाम, दोघांचे ठोके, यांची बेरीज करून शंभरातला एक आकडा निघायचा. चाळीसच्या खाली पट्ट्यावरचा ठिपका लाल, साठापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. सहा महिने हिरवा टिकला की पट्टा उतरायचा आणि दत्तक कायम व्हायचं.

कुठल्याशा शहरात एका जोडप्याने दत्तक घेतलेलं पोर बसस्थानकात सोडून दिलं, त्यावरून आठवडाभर बोंबाबोंब झाली, आणि त्या बोंबेतून हे निघालं. पट्टा फक्त दत्तक घेणाऱ्यांना. पोटच्या पोराला कमरेच्या पट्ट्याने फोडून काढणाऱ्या आईबापांच्या मनगटाला कुणी बोटही लावलं नाही. त्यांचं प्रेम जन्मतःच पास.

रेवती या घरात आली त्याला वर्ष होत आलं होतं. आक्कांच्या, म्हणजे सुनेत्राच्या सासूबाईंच्या, मांडीला मांडी लावून ती शेंगा फोडायची आणि निम्म्या खायची. अभिनंदनला ती तिसऱ्याच दिवशी बाबा म्हणाली होती. सुनेत्राला मात्र ती सगळ्या गावासारखी 'डॉक्टर' म्हणायची. सुनेत्राने केसांवरून हात फिरवला की पोरीचे खांदे कानाला जाऊन भिडायचे आणि जबडा आवळला जायचा. कधी कधी ती हसता हसता एकदम थांबायची, डोळे मिटायची, आणि उघडायची तेव्हा चेहरा कोरा असायचा. ठिपका तेव्हा लालभडक झालेला असायचा.

पट्ट्याने घरात काय केलं ते कुठल्या अहवालात येणार नव्हतं. सुनेत्रा रोज सकाळी रेवतीची वेणी घालायची, पण तिची नजर केसांवर नसायची, मनगटावर असायची. भांग वाकडा जायचा. गोष्ट सांगताना राक्षस गुहेत शिरायचा आणि सुनेत्रा ठिपक्याकडे बघायची, की काही हललं का. रेवतीही तिकडेच बघायची. दोघी एकमेकींकडे सोडून त्या ठिपक्याकडे बघत बसायच्या आणि राक्षस बिचारा गुहेतच राहायचा.

मग रिकाम्या वेळी मनात किडा वळवळायचा. यंत्र खोटं कशाला बोलेल? आपल्यालाच नसेल माया. म्हशीच्या पोटातून रेडकू ओढून काढताना आपले डोळे भरून येतात, आणि या पोरीपाशी बसलं की आपण परीक्षेला बसल्यासारखे ताठ होतो. कदाचित आपल्यात ते नाहीच, आणि ते जगाला कळायच्या आधी पट्ट्याला कळलंय. या विचाराची तिला इतकी चीड यायची की ती त्या दिवशी भेटेल त्याच्यावर खेकसायची.

गवंडी गेल्यावर अभिनंदन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. सूतगिरणीत पाळीप्रमुख असलेला हा माणूस आवाज चढवायला फार घाबरायचा. "मी काय म्हणतो," त्याने सुरुवात केली, "जमतच नसेल, तर ओढूनताणून... तिचाही विचार करायला पाहिजे ना."

"कुणाला जमत नाही?"

"तुला असं नाही. पण आकडा..."

"तुझा आकडा काय रे?" सुनेत्रा म्हणाली. "तुला कुणी विचारलंय मनापासून घेतोस का म्हणून? तू बाप म्हणून जन्मलास आणि मी उमेदवारीवर आहे होय? परत पाठव म्हणायला जीभ कशी रेटली तुझी?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस."

तो निघून गेला. शेंगा निवडत बसलेल्या आक्का सगळं ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्या खाली बघूनच म्हणाल्या, "मी एक सांगतो, रागवू नगंस. आटलेल्या म्हशीला सुई देत्यात न्हवं, पान्हा सोडाय? त्या सुईत आसतंय त्येच मोजतोय म्हणतीस ह्यो पट्टा. मग तूच घे की एखादी."

सुनेत्रा हसली. दोन दिवस ती स्वतःशीच हसत होती, कारण त्या सुईवरून तिचं आणि गवळ्यांचं हाडवैर होतं. रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभं करायचे, तेही तिला एकवेळ चालायचं. त्यात निदान म्हशीला फसवण्याची मेहनत होती. सुई म्हणजे निव्वळ दरोडा. मागच्याच महिन्यात तिने एका गवळ्याच्या हातातली सुई हिसकावून उकिरड्यावर फेकली होती आणि "तिच्या मनाविरुद्ध ओरबाडतोस, लाज नाही वाटत?" असं त्याला चारचौघांत सुनावलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने सांगलीतल्या मैत्रिणीला फोन केला. ही मैत्रीण बाळंतपणं करणारी डॉक्टर. दूध न उतरणाऱ्या बाळंतिणींसाठी त्याच द्रव्याचा नाकात मारायचा फवारा मिळतो, तो तिने फारशी विचारपूस न करता दिला. नवी बाटली होती, दोन बोटांत मावेल एवढी.

रविवारी दुपारी, पानं घ्यायच्या आधी, सुनेत्राने न्हाणीघरात जाऊन फवारा मारला आणि आरशात बघायचं टाळलं.

जेवायला शेवयांची खीर होती. अभिनंदनने नेहमीप्रमाणे शेवई नाकाखाली मिशीसारखी लावून दाखवली, रेवती खिदळली, आणि सुनेत्राच्या छातीत काहीतरी सैल झालं. ती ऊब खरीच होती. पोरीच्या हनुवटीला लागलेलं दूध, पडलेल्या दाताची खिडकी, सगळं तिला एकदम आपलं वाटलं. आणि लगेच मागून प्रश्न आला, की हे माझं की बाटलीतलं? ते तिला कळेना. वर्षभराने पोरीवर माया दाटून आली आणि ती खरी की खोटी हे तिला स्वतःला सांगता येईना, एवढं या लोकांनी करून ठेवलं होतं.

ठिपका पिवळा झाला. मग हिरवा झाला.

आक्कांनी तो आधी पाहिला आणि हात जोडले. मग रेवतीने पाहिला, आधी सुनेत्राच्या मनगटावर, मग स्वतःच्या. तिचं हसू तिथल्या तिथे मेलं. तिने खिरीची वाटी भिंतीवर भिरकावली, सुनेत्राच्या हाताला कडकडून चावली, आणि मागच्या न्हाणीघरात पळत जाऊन कडी लावून घेतली. आतून भिंतीवर पट्टा आपटण्याचा आवाज यायला लागला.

सुनेत्राचा आकडा बघता बघता घसरला आणि नवावर येऊन थांबला. दहाच्या खाली गेलं की खात्याला आपोआप कळायचं, तसं ते कळलं.

"रेवती, दार उघड." तिने दार ठोठावलं. "उघड म्हणते ना." भिंतीवर आपटणं चालूच. मग सुनेत्राचा तोल गेला. वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर आलं. "काय वाईट केलंय गं मी तुझं? सगळ्या घरात मीच सापडले होय तुला? बाबा चालतात, आक्का चालतात, शेजारचं कुत्रंही चालतं, मीच नको? नको तर तसं सांग एकदा तोंडाने!"

आपटणं थांबलं. मग आतून आवाज आला. "हिरवं नको."

"काय?"

"हिरवं झालं की पट्टा काढतात. पट्टा काढला की त्या बाई बघायला येत नाहीत. मग नेऊन सोडतात."

सुनेत्रा दारापाशी खाली बसली. "कोण सोडतात?"

"आई."

"कुठली आई, रेवा?"

"आधीची. मी तिला आई म्हणत होते. तिचं खूप हिरवं झालं होतं. पेढे वाटले. मग पट्टा काढला. मग तिच्या पोटात बाळ आलं, मग मला परत नेलं." आवाजात रडं नव्हतं, शाळेतली कविता म्हणावी तशी ती सांगत होती. "लाल असलं की त्या बाई येतात. येतात तोवर कुणी सोडत नाही. म्हणून मी लाल करते."

"कसं करतेस?"

कडी निघाली. रेवतीने फ्रॉक वर केला. मांडीच्या आतल्या बाजूला नखांच्या चंद्रकोरी होत्या, जुन्यांवर नव्या, काही काळ्या पडलेल्या. "बरं वाटायला लागलं की इथे दाबायचं," ती म्हणाली. "तुमच्याजवळ जास्त दाबावं लागतं. बाबांना पट्टा नाही, तिथे नाही लागत."

मुंग्यांचे चावे समजून सुनेत्राने कधीतरी त्यावर मलम लावलं होतं. जनावराच्या खुरातला काटा ज्या बाईला चालीवरून कळायचा, तिने घरातल्या पोरीची मांडी नीट निरखून पाहिली नव्हती. कारण सगळा वेळ ती मनगट बघत होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मग त्या हिरव्या आईच्या, मग ज्याने हे सगळं लपवलं त्याच्या. वर्षभर जिला ती तिरस्कार समजत होती ती पोरीची धडपड होती, या घरातून हलावं लागू नये म्हणून केलेली. लाल ठिपका म्हणजे मला इथे राहायचंय. आणि ते वाचून खातं तिला न्यायला येणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याची पांढरी गाडी दारात आली. गवंडी एकटीच चालवत आली होती. या वेळी तिने चप्पल काढली नाही.

सुनेत्राने फवाऱ्याची बाटली तिच्यापुढे ठेवली. "हे मी केलं. लिहून घ्या. आणि आता मला सांगा, ही आधी एका घरात जाऊन आली होती, हे आम्हांला का सांगितलं नाही?"

गवंडी म्हणाली, "पालकांना आधीचं सांगत नाहीत. पूर्वग्रह तयार होतो. आकडा शुद्ध राहत नाही."

"आकडा."

"हो."

"त्या बाईचा किती होता?"

"ब्याऐंशी," गवंडी हळू म्हणाली. "आमच्याकडचा त्या वर्षीचा सगळ्यात चांगला."

"आणि तिने पोरगी परत आणून टाकली तेव्हा किती होता?"

"तेव्हा पट्टा निघाला होता, डॉक्टर. मोजणार कसं?"

सुनेत्राने तिला रेवतीच्या मांड्या, लाल ठिपका, सगळं सांगितलं. गवंडीने ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. आणि तरी ती म्हणाली, "मी हे सगळं वर कळवीन. पण दहाच्या खाली आकडा गेला की मुलीला निरीक्षणासाठी न्यावंच लागतं. तिचं मूळ मापन पुन्हा घेतात. माझ्या हातात नाही."

आक्का उंबऱ्यात बसून होत्या. "बाई," त्या म्हणाल्या, "तुला ल्योक हाय का?"

"आहे. पाच वर्षांचा."

"त्येला बांधलायस का ह्यो पट्टा?"

"नाही हो आजी. त्याला कशाला? तो माझा स्वतःचा..." गवंडी तिथेच अडली.

 त्या शब्दावर सुनेत्राला वाटलं, ओरडावं, पण ओरडण्याइतकंही त्यात काही उरलं नव्हतं. वर्षभर तिच्यावर जे रोखलेलं होतं ते एवढंच होतं, हा एक शब्द. बाकी सगळी चकती, ठोके आणि शंभरातली बेरीज होती.

रेवती आतून तयार होऊन आली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. हातात कपड्यांची पिशवी होती, केस तिने स्वतःच विंचरले होते. पांढऱ्या गाडीचं काय करायचं असतं ते तिला आमच्या-तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती कुणाकडे न बघता गेली, मागचं दार उघडून आत बसली, आणि पिशवी मांडीवर घेतली.

सुनेत्रा गेली आणि तिच्या शेजारी बसली.

"डॉक्टर, पालकांना बरोबर येता येत नाही," गवंडी पुढच्या बाजूला बसत म्हणाली.

"मी पालक कुठाय? नऊ आकड्याची बाई मी. कोण ते आधी ठरवा आणि मग खाली उतरवा."

अभिनंदन इतका वेळ जिन्याखाली उभा होता. त्याने आपली मोटारसायकल आणली, फाटकात आडवी लावली, चावी खिशात टाकली आणि तिच्यावर बसून राहिला. गवंडीने आरशातून ते पाहिलं. गाडी तिने चालू ठेवली.

सुनेत्राने रेवतीला समजावलं नाही. मी तुला सोडणार नाही, हे वाक्य त्या पोरीने ऐकलेलं असणार, पेढे खाताना ऐकलेलं असणार. ती नुसती शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. फवारा नव्हता, खीर नव्हती. काही वेळाने पोरीचा श्वास लांब व्हायला लागला आणि ठिपका पिवळ्याकडे सरकला. रेवतीने तो पाहिला. तिचा हात पिशवीखाली गेला आणि फ्रॉकवरून मांडीला भिडला.

सुनेत्राने आपला तळहात मध्ये घातला.

"इथे दाब," ती म्हणाली.

रेवतीने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, मनगटाकडे नाही, तोंडाकडे.

"दाब गं. लाल करायचंय ना? दोघी मिळून करू. ते म्हणतील तेवढे दिवस करू."

नख तळहातात रुतलं. आधी हळू, मग पोरीने सगळी ताकद लावली. सुनेत्राच्या हातातून कळ मस्तकात गेली, दातओठ आवळले गेले, पण हात तिने हलवला नाही. दोन्ही पट्टे लाल झाले आणि गवंडीसमोरच्या, पट्ट्यांचा आकडा दाखवणाऱ्या पडद्यावर तो झरझर खाली आला.

"डॉक्टर," गवंडीचा आवाज फुटला होता, "आकडा चार आलाय."

"बरोबर आहे," सुनेत्रा म्हणाली. "दुखतंय. तेवढं लिहा आणि गाडी बंद करा."

गवंडीने पडद्यावरची नजर काढली. मग तिने गाडी बंद केली. मागे रेवतीने नख काढलं नव्हतं, आणि सुनेत्राने हात.